आंदणाची शेंडीवाली

आमच्या घराला दोन बाजू होत्या आणि त्या दोन बाजूंचं एकमेकींशी कधी पटलं नाही. पुढचं अंगण बाबांचं. तिथं तुळस, ओसरीवर टाळ-मृदंग आणि दर गुरुवारी भजन. मागची सांदवाडी, म्हणजे घरामागची कुंपणातली मोकळी जागा, मायची. तिथं तिच्या कोंबड्या. बाबांनी गुरू केला होता, गळ्यात तुळशीची कंठी होती, आणि अंड्याचं नुसतं नाव निघालं तरी ते उठून चूळ भरून यायचे. मग अशा घरात कोंबड्या कशा, असं नवा पाहुणा हमखास विचारायचा. मायचं उत्तर ठरलेलं होतं.

"माह्या कोंबड्या आधी आल्या, त्यायची कंठी मागून आली. पहिला हक्क कोनाचा, तुमीच सांगा."

शेवटी दोघांत तह झाला होता. कोंबडीनं उंबरठा ओलांडायचा नाही, अंडं घरात शिजायचं नाही, आणि भजन चालू असताना कोंबड्यानं आरवायचं नाही. यातलं शेवटचं कलम कोंबड्याला कोणी कळवलं नव्हतं. अभंग रंगात आला की हा पठ्ठ्या कुंपणावर चढून असा सूर लावायचा, की मृदंगवाल्याचा हात चुकायचा. बाबा डोळे मिटून घ्यायचे. लोकांना वाटायचं, काय तल्लीन झालेत! ते आत आत कोंबड्याला शिव्या मोजत होते, हे फक्त मायला आणि मला ठाऊक.

ही गोष्ट स्वातंत्र्यानंतर सात-आठ वर्षांची. आमचं गाव सौंदडपासून दीड कोसावर, तेव्हा भंडारा जिल्ह्यात मोडायचं. घरी धानाची शेती. मी सोळा वर्षांची, तोंडाची तिखट आणि स्वतःला फार शहाणी समजणारी. तिखटपणा अजून आहे, शहाणपणाचं मात्र तेव्हाच काय ते दिसलं.

कोंबड्या पाळणं म्हणजे सुखाचा जीव दुःखात घालणं. खुराड्यात मऊ तणस, म्हणजे धानाचा पेंढा, घालून द्या, बाई अंडं घालणार गव्हाणीत बैलाच्या नाकाखाली. एकीनं तर बाबांच्या उलट्या ठेवलेल्या छत्रीत घातलं होतं, आणि ते कळलं त्यांनी उन्हात छत्री उघडली तेव्हा. अंगणात धान वाळत घातलं की राखायला माणूस बसवा. पिल्लं निघाली की वर घार आणि खाली मुंगूस. दहातली चार वाढली तर माय म्हणायची, औंदा साधलं. अंडी शेजारपाजारच्या बाळंतिणींकडे जायची, त्या बदल्यात कोणाकडून वांगी यायची, कोणाकडून लाखोळीची डाळ. मी शेजारच्या काकूच्या चुलीपाशी बसून गुपचूप अंडं खायची. बाबांना ते कळायचं. त्या दिवशी ते मला पोथीजवळ बसू देत नसत, बाकी काही बोलत नसत.

कोंबडी खुडूक झाली की माय तिला अंड्यांवर बसवायची. अंडी नेहमी विषम, नऊ किंवा अकरा. टोपलीत एक खिळा आणि एक कोळसा ठेवायचा, म्हणजे वीज कडाडली तरी अंडी नासत नाहीत. आणि बसवायचा दिवस? तो बाबांना विचारायची. "मले कायले विचारतं? माहा त्या पापाशी काही संबंध नाही," असं म्हणत ते पंचांग काढायचे. "मंगळवारी बसवू नको. बुधवार बरा हाये." पुढं एकविसाव्या दिवशी हे गृहस्थ सकाळपासून विनाकारण मागच्या दारात दोनदा येऊन खाकरून जायचे.

या सगळ्या कोंबड्यांत एक मात्र निराळी होती. काळीकुळकुळीत, अंगावर दुसऱ्या रंगाचा एक ठिपका नाही, आणि डोक्यावर पिसांची शेंडी. ती शेंडीवाली. मायचं माहेर चिचगडचं, जंगलातलं. तिथं तिच्या घरची रीत अशी, की लेक सासरी निघाली की आंदणात तिच्या सोबत या शेंडीच्या वंशाची एक कोंबडी द्यायची. भांडीकुंडी कमीजास्त होवोत, पण कोंबडी हवी. मायच्या मायनं तिला दिली होती, तिला तिच्या मायनं. आता चिचगडला त्या वंशाचं काही उरलं नव्हतं. आजी गेली त्याच वर्षी मानमोडी आली आणि तिथलं खुराडं रिकामं झालं. मानमोडी म्हणजे कोंबड्यांचा उन्हाळी रोग. मान वाकडी होते, आणि दोन दिवसांत खेळ खलास. तेव्हा आमच्या सांदवाडीतली शेंडीवाली ही शेवटची. आणि या वंशाची कोंबडी मला द्यायची, हे मायनं मी पाळण्यात असल्यापासून ठरवलं होतं.

माझं लग्न ठरलं गोंदियाला. सासरचे लोक मूळचे शेतकरीच, पण आता धानाचा व्यापार करणारे. घराला सिमेंटची फरशी, घरात विजेचा दिवा, दारासमोर हिंदी बोलणारे शेजारी. मी तर हवेतच होते. आणि अशा घरी मी बगलेत कोंबडी घेऊन उतरायचं?

"मी नाही नेत कोंबडी. लोक हासतीन मले."

"हासनाऱ्याले अंडं देजो. तोंड बंद होते."

"नाही म्हटलं ना!"

माय चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. ती खालच्या आवाजात म्हणाली, "पोरी, सासरी घर तुव्हं नसते, दार तुव्हं नसते, धान सासऱ्याचं, गाय नवऱ्याची. एक कोंबडी असली का थे तुही असते. मी या घरी आली तवा इथं माह्यं म्हनावं असं एकच होतं." मी तोंड फिरवलं. सोळाव्या वर्षी कोणाला या गोष्टी कळतात?

लग्न वैशाखाच्या शेवटी होतं. त्याआधी माय लग्नाचं आवतण घेऊन आपल्या भावाकडे चिचगडला गेली. जाताना तिनं शेंडीवालीला अकरा अंड्यांवर बसवलेलं होतं, चौदा दिवस झाले होते, सात राहिले होते. "दाना-पानी वेळेवर दे. तिले उठवू नको," एवढं सांगून ती गेली. आणि ती गेली त्याच दिवशी खालच्या टोल्यावर, म्हणजे गावाच्या खालच्या वस्तीत, मानमोडी आली.

गावानं जे पूर्वीपासून केलं तेच करायचं ठरवलं. रोग वेशीपार करायचा. त्यासाठी एक पूर्ण काळी कोंबडी लागते, ज्या घरी अजून रोग शिरला नाही अशा घरची. तिला कुंकू लावायचं, पायात हळदीचा दोरा बांधायचा, घरोघरच्या दारासमोरून फिरवायचं आणि वेशीच्या पलीकडे सोडून द्यायचं. सोडली की मागं वळून पाहायचं नाही. रोग तिच्यासोबत जातो. कुठं जातो? पुढच्या गावात. मग पुढचं गाव आपलं कुंकू लावून तिला आणखी पुढं हाकलतं. अशी त्या बिचारीची पायी यात्रा.

सकाळी गावकरी पारावर जमले. काळी कोंबडी कोणाकडे आहे, असा प्रश्न निघाला, आणि ज्या माणसानं वीस वर्षांत खुराड्याकडे सरळ पाहिलं नव्हतं ते आमचे बाबा पटकन बोलून बसले, "आमच्या घरी हाये. न्या." उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. गावाच्या कामी आपली कोंबडी लागते, म्हणजे पुण्यही झालं आणि कोंबडीही कमी झाली, असा त्यांचा सात्त्विक विचार.

पुजारी आणि चारपाच माणसं दारात आली. बाबा मागच्या दाराच्या आतच उभे राहून मला म्हणाले, "बाई, पुरी काळी कोनती हाये त्यात?"

मी "एकही नाही" म्हणू शकत होते. दुसरी एक काळी होती, तिच्या पंखाखाली पांढरं पीस होतं, कोणी पाहिलं नसतं. "माय येऊ द्या" म्हणाले असते तरी ते लोक थांबले असते. मी यातलं काही केलं नाही. मी सरळ टोपलीत हात घातला. खुडूक कोंबडी ती, तिनं मनगटावर तीनदा टोचलं, रक्त आलं. तरी मी तिला अंड्यांवरून उचलली आणि पुजाऱ्याच्या हातात दिली. मला मनातून आनंद झाला होता. सुटले एकदाची, असं वाटलं मला. हे लिहायला आजही बरं वाटत नाही, पण वाटलं होतं ते खरं.

लोक गेले. मी टोपली आवरायला बसले. अंड्यांना हात लागला. गरम होती. तशीच्या तशी, आत्ता कोणी उठून गेल्यासारखी. आणि मग मला मायचं ते बोलणं आठवलं, "माह्यं म्हनावं असं एकच होतं."  मी रडत ओसरीवर गेले आणि बाबांना सगळं सांगितलं, की ती शेवटची होती, आंदणाची होती, आणि मला नको होती म्हणून मी दिली.

 बाबांनी टोपी घातली, वहाणा घातल्या आणि भर उन्हात निघाले. वेशीपार गेलेली कोंबडी परत आणत नाहीत, तसं केलं तर रोग परत येतो, हे त्यांना कळत नव्हतं का? कळत होतं. तरी गेले. पुढच्या गावात त्यांनी विचारलं, तिथल्या लोकांनी दुपारीच तिला कुंकू लावून पुढं हाकललं होतं. त्याच्या पुढच्या गावातही तेच. गळ्यात कंठी, कपाळावर गंध, आणि हा महाराज बांधाबांधावर विचारतोय, "काळी कोंबडी पाह्यली का वो, शेंडीवाली?" बायका पदरात तोंड घालून हसल्या म्हणे. शेवटी एका गुराख्यानं सांगितलं, की ती नागझिऱ्याच्या रानाकडे पळाली. तिथं रानमांजरापासून बिबट्यापर्यंत सगळेच उपाशी. बाबा दिवेलागणीला हात हलवत परत आले.

पाय न धुताच त्यांनी विचारलं, "अंडी कोठं हायेत?"

"टोपलीत."

"आत आन."

मला वाटलं, ऊन लागलं. मी जागची हलले नाही. तेव्हा ते स्वतः गेले आणि अकरा अंड्यांची टोपली दोन्ही हातांनी धरून उंबरठ्याच्या आत घेऊन आले. घरात वारा न लागणारी एकच जागा होती, देवघराचा कोपरा, जिथं समई जळायची. टोपली तिथं गेली. शेजारची काकू धावत आली. तिच्या माहेरी बदकं होती, तिला या कामातलं कळायचं. तिनं धानाचा भुसा कढईत कोमट करून टोपलीत घालायला लावला, वर पोतं. "जास्त तपलं तर मरतीन भाऊजी. अंडं पापनीले लावून पाहा. डोळ्याले सोसलं तर पिल्लाले सोसलं."

आणि बाबांनी लावलं. अंड्याच्या नावानं चूळ भरणारा माणूस देवासमोर मांडी घालून बसला आणि एकेक अंडं उचलून मिटल्या डोळ्याला लावत गेला.

तिसऱ्या दिवशी माय आली. हातातलं बोचकं खाली ठेवायच्या आधी सांदवाडीत गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा पाहवत नव्हता.

"शेंडीवाली कोठं हाये?"

बाबा म्हणाले, "गावानं काळी कोंबडी मागतली. म्या देल्ली."

"अंड्यावरून उचलून?"

"हो."

"कोनं उचलली?"

मी दाराआड उभी होते. मनगटावर खपल्या धरल्या होत्या, त्या पदराखाली झाकल्या होत्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. गळ्यातल्या कंठीवर त्यांचा हात गेला आणि ते म्हणाले, "म्याच उचलली."

ज्या माणसानं जन्मात कोंबडीला बोट लावलं नाही, त्यानं खुडूक कोंबडी उचलली, हे मायनं खरं कसं मानलं? पण रागात माणसाला एवढं सुचत नाही. आणि मला तोंड उघडायला सुचलं नाही. एरवी माझी जीभ म्हणजे कात्री. त्या दिवशी तिला गंज चढला.

माय तेव्हापासून बाबांशी बोलेना. भांडली नाही, माहेरी गेली नाही, वाढायची, धुवायची, सगळं करायची. पण शब्द नाही. काही सांगायचं असलं तर बैलाला सांगायची. "ढवळ्या, सांग तुह्या मालकाले, भात झाला." बाबा बैलालाच उत्तर द्यायचे. ढवळ्या दोघांचं ऐकून रवंथ करायचा.

रोग वेशीपार गेला म्हणता म्हणता चौथ्या दिवशी आमच्या सांदवाडीत आला आणि आठ दिवसांत खुराडं झाडून नेलं. भजनात आरवणारा तो कोंबडाही गेला. त्या गुरुवारी भजन फार शांत झालं. बाबांचा सूर काही लागला नाही.

एकविसाव्या दिवशी देवघरात चिवचिव झाली. अकरातून तीन पिल्लं निघाली. दोन दुसऱ्याच दिवशी गेली. एक राहिलं, काळं, आणि डोक्यावर एवढासा फुगा. मायनं ते ओंजळीत घेतलं, गालाला लावलं आणि पहिल्यांदा रडली. बाबा शेजारीच उभे होते. त्यांच्याशी मात्र बोलली नाही. बाहेर रोग होता म्हणून ते पिल्लू लग्नापर्यंत घरातच वाढलं. बाबांच्या पोथीवरून चालायचं, आणि बाबा पान उलटायचे थांबायचे.

वरातीत मायनं ते पिल्लू टोपलीत घालून माझ्या मांडीवर दिलं. या वेळी मी नाही म्हटलं नाही. गोंदियाला सासूबाईंनी टोपली उघडली आणि म्हणाल्या, "घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं!" समोरची शेजारीण गल्लीभर सांगत सुटली, "बहू अपने साथ मुर्गी लाई है!" हसले सगळे. मी हसू दिलं. दिवाळीनंतर तिनं पहिलं अंडं घातलं, तेव्हा सासूबाईंनीच मला हाक मारून दाखवलं. पुढं शेजारणीला दिवस गेले आणि अंडी मागायला तीच आमच्या दारात आली. मायचं म्हणणं खरं होतं. तोंड बंद होतं.

बाबा वर्षात दोनदा येऊन गेले. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही रीत त्यांनी पाळली. कोरड्या घशानं पायरीवर बसायचे आणि पहिला प्रश्न, "थे कशी हाये?" थे म्हणजे मी नव्हे, कोंबडी. मी विचारलं, "माय बोलते का?" तर म्हणाले, "ढवळ्यासंग बोलते. बरा चालला हाये संसार."

दुसऱ्या वैशाखात मला सातवा लागला आणि बाबा मला न्यायला आले. मी शेंडीवालीच्या पोरीची पोर, म्हणजे त्या देवघरातल्या पिल्लाची एक अजून अंडं न घातलेली तलंग, टोपलीत बांधून घेतली. अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वेगाडीत बाबांनी टोपली स्वतःच्या मांडीवर ठेवली. डब्यात नेमका त्यांचा एक गुरुबंधू भेटला. "महाराज, टोपलीत काय आहे?" बाबा म्हणाले, "लेकीच्या घरचं वाण आहे." तेवढ्यात वाणानं फडक्यातून शेंडी बाहेर काढली. गुरुबंधू सौंदड येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिला.

माय दारात उभी होती. मी सात महिन्यांची पोटुशी, उन्हातून आलेली. तिची नजर आधी टोपलीवर गेली. फडकं सोडलं, ती काळी शेंडी दिसली, आणि माय तिथंच पायरीवर बसली. त्या तलंगेला छातीशी धरून बसली.

माझ्यानं राहवलं नाही. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. म्हटलं, "माय, त्या दिवशी तिले अंड्यावरून म्या उचलली होती. बाबांनं नाही. मले न्यायची नव्हती म्हनून."

मायनं माझ्याकडे पाहिलं. मग बाबांकडे पाहिलं.

"म्हंजे मी वर्षभर या मानसासंग बोलली नाही, थे फुकटच?"

बाबा वहाणा काढायला खाली वाकले.

"गळ्यात कंठी घालून खोटं बोलले तुमी?"

वर्षातलं तिचं त्यांच्याशी पहिलं बोलणं. बाबांनी टोपी काढली, डोकं पुसलं. "अंडी देवघरात आनलीच होती. म्हटलं, त्यायच्या बाजूले एक खोटंही ठेवून देऊ."

माय हसायला लागली. हसता हसता डोळे पदरानं पुसायला लागली, आणि मग एकदम ओरडली, "उभे काय राहून राहिले? गाडीतून आली थे, तिले तहान लागली असन. पानी आना!"

बाबा धावले. धावले म्हणजे खरंच धावले. हाताला लागला तो पूजेचा तांब्या घेऊन आले, आणि दोघं त्या तलंगेसमोर उकिडवे बसून ती पाणी कशी पिते ते पाहत राहिले. तहान मलाही लागली होती. मी मागितलं नाही. त्या दिवशी माझा नंबर तिच्या मागेच होता.